उलटवलेली कॉलर

कीर्तनकाराने पोशाखावर लिहावयास घेतले की वाचक मनाशी समजून चुकतात, आता बुवा नव्या पिढीला चार कानपिचक्या देणार. परंतु मी स्वतः गेली चाळीस वर्षे डोक्यास फेटा, अंगात पायघोळ अंगरखा आणि खांद्यावर जरीकाठी उपरणे अशा थाटात देवापुढे उभा राहत आलो आहे. फेटा नीट बसला नाही तर पूर्वरंग रंगत नाही, हा माझा अनुभव आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वेषभूषेला ‘आहार्य’ असे नाव देऊन अभिनयाच्या चार अंगांत तिला स्थान दिले, ते उगाच नव्हे. मग महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने अथवा मुलीने चारचौघांत नीटनेटके, काळाला साजेसे दिसावे अशी इच्छा धरली, तर तिला मी कोणत्या तोंडाने नावे ठेवू?

दिवाळी हा तर वस्त्रांचाच सण. अभ्यंगस्नान झाल्यावर अंगावर पडणाऱ्या कोऱ्या कापडाला एक गंध असतो. माग सोडून आलेल्या आणि अद्याप पाणी न लागलेल्या वस्त्राला संस्कृतात ‘अहत’ असा सुंदर शब्द आहे. पूर्वी मध्यमवर्गीय घरात असे अहत वस्त्र वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा अंगास लागे. आज शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस राहणाऱ्या मुलांपुढे बाराही महिने बाजार मांडलेला असतो. रस्त्यावर असतो, आणि खिशातल्या फोनमध्येही असतो. घरून येणारा पैसा मात्र ठरलेलाच. या दोहोंच्या ओढाताणीत आमच्या घरात गेल्या दिवाळीला जे घडले ते सांगतो. पुष्कळ घरांत थोड्याफार फरकाने तसेच घडत असावे.

आमची नात, मुलीची मुलगी, पुण्यास शिकते. वसुबारसेच्या संध्याकाळी ती पंढरपुरास आमच्याकडे आली, ती पुस्तकांपेक्षा कपड्यांची पिशवी मोठी घेऊन. नरकचतुर्दशीच्या फराळाला बसलो असता तिच्या मामाने सहज विचारले, “डिसेंबरात तुमचे गॅदरिंग असेल ना गं?” ती म्हणाली, “असेल. पण मी जाणार नाही.” का, म्हणून विचारता उत्तर आले, “माझे सगळे कपडे फोटोत येऊन गेलेत.” मामा मोठ्याने हसला. मला हसू आले नाही. हातातली चकली मी तशीच खाली ठेवली, कारण मला १९७८ साल आठवले.

मी तेव्हा पुण्यात दुसऱ्या वर्षाला होतो. सदाशिव पेठेत एका वाड्यात खोली होती. आंतरमहाविद्यालयीन संस्कृत वक्तृत्वस्पर्धा होती आणि मेघदूतावरील भाषण दोन महिने खपून मी तयार केले होते. त्या काळी खाली रुंद होत गेलेल्या बेलबॉटम विजारी आणि लांब टोकांच्या कॉलरचे टेरिलीनचे शर्ट यांची चलती होती. माझ्याकडे समारंभास घालण्याजोगा सुती पांढरा शर्ट एकच, आणि त्याची कॉलर मानेपाशी घासून पार विरलेली. सभागृहाच्या मागच्या खांबाशी उभे राहून मी इतर स्पर्धकांकडे पाहत राहिलो. माझे नाव तीनदा पुकारले गेले. मी खांबामागून निघून थेट खोलीवर आलो. कालिदास पाठ होता, अन्वय पाठ होता, तरी कॉलरच्या दोन विरलेल्या सुतांपुढे माझे काही चालले नाही.

घरमालकीणबाईंच्या लक्षात आले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या एका वृद्ध शिंप्याकडे पाठविले. त्याने कॉलर पट्टीपासून उसवली, उलटी केली आणि पुन्हा शिवून दिली. कॉलरला दोन अंगे असतात. वरचे अंग मानेला घासून झिजते, खालचे झाकलेले अंग कोरेच राहते. अर्ध्या तासात शर्ट नवा झाला. शिलाई पडली आठ आणे. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, “अरे बाळा, मग परवाच का नाही आलास?” तो शर्ट मी त्यानंतर दोन वर्षे वापरला. ते भाषण मात्र आजतागायत कोठे झालेले नाही.

म्हणून सांगतो, वस्त्राची लाज खरी असते. ती हसण्यावारी नेऊ नये. समुद्राने पीतांबरधारी विष्णूला आपली कन्या दिली आणि दिगंबर शंकराच्या वाट्यास हलाहल घातले, हे पाहून वस्त्राचा महिमा सांगणारे एक जुने सुभाषित आहे. कीर्तनात ते सांगितले की मंडप हसतो. हसणाऱ्यांतील प्रत्येकाला तो अनुभव केव्हा तरी आलेला असतो. प्रश्न एवढाच की ती लाज राखण्यासाठी किती पैसा खर्चावा लागतो. माझे म्हणणे असे की, फार थोडा. विद्यार्थ्याचा पैसा छानछोकीत जातो असे आपण म्हणतो. मला वाटते, तो अधिक करून कापडाच्या अज्ञानात जातो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आम्ही नातीच्या पिशवीतले सर्व कपडे माजघरातील पलंगावर मांडले. वर्षभरात घेतलेले चौदा नग निघाले. तिने आठवून आठवून किंमती सांगितल्या. बेरीज झाली पाच हजार सहाशे. मग मी दुसरा प्रश्न विचारला, “प्रत्येक कपडा किती वेळा अंगात घातलास?” येथे ती थबकली. पाच कपडे एकदा किंवा दोनदाच घातलेले. तीन पहिल्या धुण्यातच आटले अथवा वेडेवाकडे झाले. उरलेल्या सहांवर तिचे सारे वर्ष निघाले होते. त्या सहांतील निळी जीन्स बाराशेंची, सर्वांत महाग. ती आठवड्यातून तीन दिवस अंगात असे. वर्षाचे दीडशे दिवस धरले तर दिवसाला आठ रुपये पडले. साडेतीनशेंचा एक झगमगीत टॉप दोनदा घातलेला. तो दर खेपेस पावणेदोनशेंना पडला.

“पण आजोबा, तो स्वस्त होता म्हणून तर घेतला!”

“हो बाळ,” मी म्हणालो, “पण तो दोनच दिवस होता.”

हिशेब चालला असता आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच विचारले, “ते सगळे राहू दे. तू एवढी वाळलीस का, ते सांग.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कळले की चौदांपैकी तीन कपडे फोनवरून ‘आता घ्या, पैसे पुढच्या महिन्यात द्या’ या सोयीने आले होते, आणि पुढच्या महिन्यात ते पैसे देण्यासाठी पोरीने सबंध ऑक्टोबर महिना रात्रीची मेस बंद ठेवली होती. घरी सांगण्याची तिला लाज वाटली. आई-वडील रागावतील या भीतीपेक्षा ते लगेच पैसे पाठवतील, याची लाज अधिक. पालकांनी हे ध्यानी घ्यावे. उधारीवर कपडा घेऊ नये, एवढे सांगून भागत नाही. मूल वाळले आहे का, हेही पाहावे लागते.

त्या दुपारी शिकविण्याचे काम माझ्याकडून आपोआप सौभाग्यवतींकडे गेले, कारण कापडाचे ज्ञान मला नाही, त्यांना आहे. त्यांनी एकेक कपडा प्रथम उलटा केला. कपड्याची परीक्षा आतल्या बाजूने करावी, सुलट बाजू तर विकण्यासाठीच सजवलेली असते. शिवणीच्या आत कापड किती सोडले आहे, ज्याला शिंपी मार्जिन म्हणतात, ते पाहावे. बोटभर असेल तर अंग भरल्यावर कपडा सैल करता येतो. दोरीइतकेच असेल तर पहिल्या ताणालाच उसवणार. टाके बारीक व सारख्या अंतराचे हवेत. रेघांचे किंवा चौकटींचे कापड असेल तर बाजूच्या शिवणीत रेघ रेघेला मिळते का, हे पाहिले की शिवणाऱ्याने घाई केली की नाही ते समजते. मग कपडा खिडकीशी उजेडात धरावा. वीण विरळ असेल तर प्रकाश चाळणीतून यावा तसा येतो. नवे कापड बोटांत चोळून पाहावे. पांढरी पूड निघाली तर ते जाड वाटते ते खळीमुळे, आणि ती खळ पहिल्या पाण्यात निघून जाणार.

सुती म्हणून घेतलेल्या एका कुडत्याबद्दल त्यांना शंका होती. त्यांनी आतल्या शिवणीतून सूत ओढले, चिमट्यात धरले, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून स्टीलच्या ताटलीवर निरांजनाच्या ज्योतीला लावले. सुताचा टोकाशी वितळून कडक काळा मणी झाला. शुद्ध कापूस असता तर कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली असती; रेशीम किंवा लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता. दुकानात अर्थातच अशी अग्निपरीक्षा घेता येत नाही. तेथे बाजूच्या शिवणीतील चिठ्ठी वाचावी. कृत्रिम धागा वाईटच असतो असे नव्हे. तो लवकर वाळतो, त्याला इस्त्री थोडी लागते, आणि वसतिगृहात हे दोन्ही मोठे गुण आहेत. मात्र त्यावर घासून घासून बारीक गोळे धरतात, आणि उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो. रेयॉन अंगावर छान पडते, परंतु ओले असताना कमजोर असते. ते पिळून वाळत घातले की खराब झालेच. नातीचे आटलेले दोन कपडे याच जातीचे होते.

जीन्सची गोष्ट निराळी. ती परकी म्हणून आमच्या पिढीने तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले. विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेटा ठोकून ती मजबूत करण्याचे पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी अमेरिकेत २० मे १८७३ रोजी घेतले. तो कष्टकऱ्यांचा पोशाख होता. तिच्या निळीला इंग्रजीत इंडिगो म्हणतात, म्हणजे मूळ अर्थाने ‘हिंदुस्थानची’. आणि जाड्याभरड्या कापडाच्या कामकरी पोशाखाला इंग्रजीत ‘डंगरी’ हा जो शब्द आहे, तो मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. तेव्हा आपल्या नातवंडांनी जीन्स घातली तर फार दूरचे काही अंगावर घेतले असे समजू नये. उलट विद्यार्थ्याने जिच्यावर थोडा अधिक पैसा घालावा, अशी वस्तू तीच. ती वारंवार धुवायची नसते. धुवायची तेव्हा उलटी करून, थंड पाण्यात, आणि पहिल्या दोन-तीन खेपा वेगळी. नाहीतर तिचा रंग पांढऱ्या सदऱ्यांना लागतो, आणि मग सदऱ्यांचा खर्च तिच्या खाती मांडावा लागतो.

आता घ्यावे केव्हा? देवशयनी एकादशी झाली की लग्नसराई थांबते. आमच्या पंढरपुरात आषाढीला दुकानदारांस श्वास घेण्याची उसंत नसते, परंतु शहरांतील कापडदुकाने त्या सुमारास ओस पडतात. जून-जुलैत आणि पुन्हा जानेवारीच्या आसपास दुकानदार हंगामाचा उरलेला माल काढून टाकतात. चांगला कपडा तेव्हा घ्यावा. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा विद्यार्थ्याच्या खरेदीचा नव्हे; तो आई-वडिलांच्या हातून एक कपडा घेण्याचा. सेलमध्ये छापील किंमत वाचूच नये. किती सूट मिळाली यापेक्षा आपल्या हातून किती जाणार आणि कपडा किती दिवस अंगास लागणार, एवढेच पाहावे. कराचेही लक्षात ठेवावे : २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के. विद्यार्थ्याला अडीच हजारांच्या वर जाण्याचे कारण सहसा पडू नये.

कोठे घ्यावे, हे मुलांना माझ्यापेक्षा अधिक माहीत. मुंबईस आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर परदेशी पाठविण्यासाठी शिवलेला आणि काही कारणाने मागे राहिलेला माल येतो. त्यात दोष कोठे आहे ते शोधावे. बटण गेले असेल, दुमड सुटली असेल, तर तो दोष दहा मिनिटांचा. विणीतच गाठ असेल किंवा एक बाही दुसरीहून आखूड असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. पुण्याच्या तुळशीबागेत पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेले राममंदिर आहे. त्याच्या भोवतीच्या गल्ल्यांत ओढण्या, गळ्यातले, कानातले असे पुष्कळ काही थोडक्यात मिळते. एकच साधा कुडता तीन ओढण्यांनी तीन वेगळे कुडते भासतो, ही नातीचीच युक्ती. मला ती फार आवडली. कीर्तनकारही अंगरखा एकच ठेवतो आणि उपरणे बदलतो!

घासाघीस करावी, पण शेवटच्या रुपयापर्यंत माणसाला पिळू नये. पुण्याच्या कॅम्पातील फॅशन स्ट्रीटला २६ मार्च २०२१ च्या रात्री आग लागून शेकडो दुकाने खाक झाली, तेव्हा या स्वस्ताईमागे किती संसार उभे असतात ते दिसले. असो.

कापड घेऊन शिवून घेण्याची रीत आता मागे पडली, तरी ती मोडीत काढू नये. तागा संपत आला की उरलेला तुकडा दुकानदार कटपीस म्हणून कमी दराने देतो. पन्हा मोठा असेल तर एवढ्या तुकड्यात सदरा सहज होतो. शिलाई धरून तो तयार सदऱ्याहून नेहमीच स्वस्त पडतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा पडत नाही. परंतु तो मापाचा होतो, आणि अंगाबरोबर बसलेला साधा कपडा भारी पण ढगळ कपड्यापेक्षा नेहमीच उठून दिसतो. तयार घेतलेला स्वस्त कपडाही शिंप्याकडून बाजूंनी धरून घ्यावा. त्या थोड्या पैशांत जे रूप येते ते दुप्पट किमतीच्या कपड्यात येईलच असे नाही. वारकरी ज्यांना कीर्तनाचे आद्य पुरुष मानतात ते नामदेवराय शिंप्याच्या घरचे. तेव्हा या धंद्याविषयी माझा थोडा पक्षपात असेल, तर वाचकांनी तो सांभाळून घ्यावा.

आणि ‘फोटोत येऊन गेलेत’ या दुखण्यावर औषध काय? त्यावर आमच्या घरात पुष्कळ वाद झाला. मामाचे म्हणणे, असल्या नादाला लागूच नये. मी म्हणालो, देवाच्या पूजेत वस्त्र नसेल तर आपण अक्षता वाहतो, कापसाचे गेजवस्त्र वाहतो, आणि देव ते स्वीकारतो. पण वर्गातल्या मुली म्हणजे देव नव्हेत, हेही मान्य केले पाहिजे. शेवटी वाद सौभाग्यवतींनीच मिटविला. त्यांनी कपाटाच्या तळातून आपल्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, इरकली नऊवारी काढली. तांबडा पदर, गर्द निळे अंग. लुगडे बसण्याच्या जागी विरले होते, त्यामुळे नेसण्याच्या कामाचे राहिले नव्हते. त्यांनी ते अंगणातल्या उन्हाकडे धरले, विरलेला भाग खडूने आखून वगळला आणि उरलेले मोजले. नऊ वारांतून धड कापड दोन कुडत्यांपुरते निघत होते. काठ बाहीच्या टोकाला आणि पदर पाठीवर घेता येणार होता. कात्री लावण्यापूर्वी त्यांनी मला विचारले. आईचे लुगडे, क्षणभर माझ्या घशाशी आले. मी म्हटले, “लावा कात्री.”

पाडव्याला पाच कपड्यांची वाटणी झाली. दोन मैत्रिणींशी अदलाबदलीसाठी बाजूला निघाले, एक धाकट्या बहिणीला गेला, दोन बोहारणीसाठी ठेवले; तिने त्यांच्या बदल्यात एक छोटा डबा दिला. भाऊबीजेनंतर नात परत गेली, तेव्हा पिशवी हलकी होती आणि बाजूच्या खिशात सुई, दोन रंगांचे दोरे व चार बटणांची पुडी होती. मेसचे राहिलेले पैसे आम्ही दिले. दिले म्हणजे उसने दिले. ते दरमहा दोनशे रुपयांनी फेडायचे, असे तिनेच ठरविले. तिच्या हिशेबाने ते फिटलेही आहेत.

डिसेंबरात ती गॅदरिंगला गेली. रात्री उशिरा फोन आला. मुलींनी विचारले म्हणे, कुडता कोणत्या दुकानातला? तिने ‘माझ्या पणजीचा’ म्हणून सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. मग तिने बाही उलटी करून आतली जुनी किनार दाखविली. त्यांपैकी तिघी पुढच्या सुटीत आपापल्या घरून जुनी साडी घेऊन आल्या. चार कुडते एकदम शिवावयास मिळाले म्हणून तिथल्या शिंप्याने प्रत्येकी वीस रुपये कमी घेतले.

“आणि आजोबा,” ती म्हणाली, “मी त्याला कॉलर उलटवता येते का, ते विचारले. तो म्हणाला, येते, पण गेल्या कित्येक वर्षांत कोणी आणलीच नाही.”

मी माझे दोन नेहरू शर्ट काढून ठेवले आहेत. त्यांच्या गळपट्ट्या विरल्या आहेत. ती येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवीन.